क्लॉक लाइनवर ठेवा

टू-एमबी मोडेमच्या मेनूत ‘क्लॉक’समोर तीन पर्याय येतात. इंटर्नल, लाइन, एक्स्टर्नल. त्याखाली लाइन कोड विचारतात, एचडीबी-थ्री की एएमआय. मग फ्रेमिंग, मग सीआरसी-फोर चालू की बंद. बँकेच्या शाखेत किंवा मोबाइल टॉवरखालच्या केबिनमध्ये ज्यांनी हा मेनू भरला, त्यांतल्या बहुतेकांनी तो हातातल्या कागदावर बघून भरला, आणि तो कागदही आधीच्या कुठल्यातरी कागदावरून उतरवलेला असायचा. काम चालायचं, त्यामुळे कुणी जास्त खोलात गेलं नाही. पण या चार-पाच ओळींत दीडशे वर्षांची खटपट साठलेली आहे. प्रत्येक पर्याय म्हणजे कधीतरी अडलेल्या कामावरचा तोडगा. आणि बहुतेक तोडग्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. लाइनच्या दोन टोकांना दोन घड्याळं असतात, आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत बरोबर चालत नाहीत.

ही अडचण टेलिफोनपेक्षाही जुनी आहे. फ्रान्सच्या तारखात्यातल्या एमिल बोदो यांनी १८७४ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. एका तारेवर एका वेळी एकच तारमास्तर काम करतो, आणि तो दोन अक्षरं पाठवेपर्यंत तार बहुतांश वेळ रिकामीच असते, हे त्यांना खटकत होतं. म्हणून त्यांनी एका चकतीवर तांब्याचे कप्पे बसवले आणि त्यांवरून फिरणारा ब्रश लावला. ब्रश पहिल्या मास्तरच्या कप्प्यांवर असेल तेव्हा तार त्याची, पुढच्या कप्प्यांवर सरकला की दुसऱ्याची. दुसऱ्या टोकालाही तशीच चकती. चार जण एकाच तारेवर एकाच वेळी काम करू लागले. अट एवढीच, की दोन्हीकडचे ब्रश एकाच क्षणी एकाच कप्प्यावर असले पाहिजेत. नाहीतर पहिल्याची तार तिसऱ्याच्या पट्टीवर छापली जाणार.

बोदोंची उकल आजही तशीच वापरात आहे. त्यांनी चकतीवरचे काही कप्पे कुठल्याच मास्तरला दिले नाहीत. ते फक्त दुरुस्तीसाठी राखून ठेवले. एका टोकाचा ब्रश मुद्दाम किंचित जलद फिरवायचा, आणि दर फेरीला त्या राखीव कप्प्यातून आलेल्या विजेच्या ठोक्यानं त्याला पुन्हा जागेवर आणायचं. म्हणजे दोन घड्याळं सारखी करण्याचा हट्ट सोडून एकाला दुसऱ्याच्या मागे चालायला लावायचं. मास्तरचीही यातून सुटका नव्हती. त्याच्यासमोर पाच कळा असत, आणि यंत्र दर फेरीला ‘टक्’ असा आवाज करी. त्या ठोक्याबरोबरच कळा दाबायच्या. आधी दाबल्या तरी चूक, नंतर दाबल्या तरी चूक. आजच्या भाषेत बोलायचं तर मास्तरचं क्लॉक ‘लाइन’वर ठेवलेलं होतं.

या घराण्यातून एक शाखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुटून निघाली. टेलिप्रिंटरवाल्यांनी विचार केला की सतत ताल धरून ठेवायचाच कशाला? प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘सुरू’ची खूण आणि शेवटी ‘थांबा’ची खूण पाठवा. पलीकडच्या यंत्रानं फक्त तेवढ्या पाच-सात खुणांपुरता ताल सांभाळावा, पुढच्या अक्षराला पुन्हा नव्यानं सुरुवात. कॉम्प्युटरच्या मागचा जुना सिरियल पोर्ट याच शाखेचा. सोपी, स्वस्त आणि खरंतर शहाणी युक्ती. पण दर अक्षरामागे दोन-तीन खुणा वाया जातात, आणि वेग वाढला की तो खर्च परवडत नाही. टेलिफोनच्या मुख्य लाइनींनी बोदोंचाच रस्ता धरला.

आवाजाचे आकडे करून पाठवायची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरची. पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम करताना १९३७ मध्ये त्यांना ती सुचली, आणि १९३८ साली तिचं फ्रेंच पेटंट झालं. आवाजाची उंची ठरावीक अंतरानं मोजायची आणि तो आकडा विजेच्या ठोक्यांत लिहायचा, म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशन, आपल्या टेलिफोन खात्याच्या तोंडचं ‘पीसीएम’. व्हॉल्व्हच्या जमान्यात ते इतकं महाग पडत होतं की कुणी हात लावला नाही. लावला तो फक्त युद्धानं.

१५ जुलै १९४३ रोजी वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात सिगसॅली नावाची गुप्त टेलिफोन यंत्रणा सुरू झाली. बेल लॅब्जनं बनवलेल्या एकेका यंत्राचं वजन ५० टनांहून जास्त होतं. लंडनचं यंत्र सेल्फ्रिजेस या दुकानाच्या जोडइमारतीच्या तळघरात बसवलं होतं. आवाजाचे गुणधर्म सेकंदाला ५० वेळा मोजून त्यांचे आकडे केले जात, आणि त्या प्रत्येक आकड्यात एक बेताल आकडा मिसळला जाई. हे बेताल आकडे कुठून आणायचे? ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून. निव्वळ खरखर भरलेल्या तबकडीच्या दोनच प्रती काढायच्या, एक वॉशिंग्टनला, एक लंडनला, आणि संभाषण झालं की दोन्ही नष्ट करायच्या. ऐकणाऱ्या शत्रूला नुसती खरखर. आपल्या माणसाला मात्र तीच खरखर वजा केल्यावर शब्द ऐकू येत.

गंमत अशी की या सगळ्याचा भार सांकेतिक गणितावर नव्हता, तबकडी फिरवणाऱ्या मोटरवर होता. अटलांटिकच्या दोन काठांवर दोन तबकड्या एकाच क्षणी एकाच खाचेवर हव्यात. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकीही त्या मागेपुढे झाल्या की चुकीचा आकडा वजा होऊन पलीकडच्या जनरलच्या कानात खरखर. म्हणून मोटरी क्वार्ट्झ स्फटिकाच्या ऑसिलेटरवर चालवल्या, ठरलेल्या क्षणी दोन्हीकडे सुई टेकवली जाई आणि मग बारीक जुळवाजुळव. १९७६ पर्यंत ही यंत्रणा गुपित राहिली. डिजिटल टेलिफोनीच्या इतिहासात तिला संरक्षणाच्या कप्प्यात टाकून देतात, मला मात्र ती आपल्या मोडेमची सख्खी आजी वाटते. बोलणं आकड्यांत गेलं की क्लॉकचा प्रश्न गळ्यात पडतो, हे तिथे पहिल्यांदा लखलखीत दिसलं.

ट्रान्झिस्टर आल्यावर पीसीएम रस्त्यावर उतरलं, आणि तेही अक्षरशः रस्त्याखाली. १९६२ साली शिकागोत बेल कंपनीची टी-वन यंत्रणा सुरू झाली. तांब्याच्या दोन जोड्यांवर २४ संभाषणं. प्रत्येक आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक माप. २४ संभाषणांचे आठ-आठ बिट आणि त्यांवर एक जादा, मिळून १९३ बिटांची एक फ्रेम. सेकंदाला १५ लाख ४४ हजार बिट. हा वेग कुठल्या सिद्धांतातून आला नाही, तो मॅनहोलमधून आला. शहरी केबलवर दर ६,००० फुटांवर, म्हणजे साधारण १.८ किलोमीटरवर, लोडिंग कॉइल बसवलेल्या मॅनहोल आधीपासून होत्या. कॉइल काढून त्याच जागी रिपीटर बसवायचे, तर दोन मॅनहोलमधल्या जुन्या तांब्याला जेवढं झेपेल तेवढाच वेग ठेवणं भाग होतं.

आता या रिपीटरकडे जवळून बघू, कारण ‘लाइन कोड’ नावाची मेनूमधली ओळ इथे जन्माला आली. रिपीटरचं काम मळलेला, पसरट झालेला ठोका ओळखून त्याच्या जागी नवा कोरा ठोका पाठवण्याचं. ठोका आहे की नाही हे नेमकं कधी बघायचं, हे त्याला कळायला हवं. त्यासाठी घड्याळ हवं. मॅनहोलमध्ये वेगळी घड्याळाची तार टाकणं परवडणारं नव्हतं, म्हणून रिपीटर येणाऱ्या ठोक्यांमधूनच ताल काढून घेई. ठोके येत राहिले की त्याच्यातलं मंडल त्या तालावर झुलत राहतं. पण ठोके नसले तर? बिट शून्य म्हणजे तारेवर काहीच नाही. ओळीनं पुष्कळ शून्यं आली की मंडलाचं झुलणं विरतं आणि रिपीटर ताल हरवतो. फोनवरच्या माणसानं गप्प बसणं हा यंत्रणेला धोका होऊन बसला!

अमेरिकेनं आधी साधा इलाज केला. आठही बिट शून्य असतील तर त्यातला एक जबरदस्तीनं एक करायचा. बोलण्यात एवढ्याशा चुकीनं काही बिघडत नाही. पण पुढे त्याच लाइनवर कॉम्प्युटरचा डेटा गेला तेव्हा ही चलाखी अंगाशी आली, कारण डेटात एक बिट चुकला तरी सगळंच चुकतं. मग आठांतला एक बिट ग्राहकाला द्यायचाच नाही असं ठरलं, आणि सेकंदाला ६४ हजार बिटांचा, म्हणजे ६४ के.चा चॅनेल ५६ के.वर आला. अमेरिकेत कित्येक वर्षं लोक ५६ के.ची लीज लाइन घेत राहिले, त्यामागे मॅनहोलमधल्या रिपीटरची ही भूक होती.

युरोपनं थोडं थांबून शहाणपणा केला. त्यांची फ्रेम ३२ टाइमस्लॉटची, ३० आवाजांसाठी. सेकंदाला २०,४८,००० बिट, आपली टू-एमबी. त्यांचा एचडीबी-थ्री कोड तर देखणा आहे. मूळ एएमआय पद्धतीत प्रत्येक ‘एक’साठी आळीपाळीनं धन आणि ऋण ठोका जातो, त्यामुळे सलग दोन ठोके एकाच चिन्हाचे आले तर ती चूक समजायची. एचडीबी-थ्रीनं हाच नियम मुद्दाम मोडायला घेतला. ओळीनं चार शून्यं आली की त्यांच्या जागी एक असा नमुना घालायचा ज्यात एक ठोका नियम मोडून पडतो. पलीकडचं यंत्र ओळखतं की ही चूक नव्हे, इथे चार शून्यं होती. रिपीटरला ठोका मिळाला, ग्राहकाला त्याचे पुरते ६४ के. मिळाले.

आणि बोदोंचे राखीव कप्पे? ते टाइमस्लॉट शून्यात बसलेले आहेत. एकाआड एक फ्रेमच्या सुरुवातीला ००११०११ ही खूण येते आणि फ्रेम कुठून सुरू झाली ते सांगते. कधी कधी ग्राहकाच्या डेटातच नेमकी हीच खूण वारंवार येई आणि यंत्र भलत्याच जागी फ्रेम धरून बसे. म्हणून नंतर सीआरसी-फोर आलं, फ्रेम खरी की खोटी हे तपासायला. एका टोकाला ते चालू आणि दुसऱ्याला बंद राहिलं, की लाइन धड उठत नाही आणि धड पडतही नाही. दोन दिवस केबल तपासण्यात जातात.

आपल्याकडे पहिली पीसीएम यंत्रणा १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी या एक्स्चेंजांमध्ये सुरू झाली. १९७९ मध्ये पुण्यात स्थानिक जंक्शनसाठी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा आली. या पहिल्या पिढीच्या लाइनींना क्लॉकचा जाच फारसा नव्हता. पीसीएमच्या दोन्ही टोकांना एक्स्चेंज जुनीच, ॲनालॉग. एका टोकानं आवाजाचे आकडे केले, दुसऱ्यानं येणाऱ्या लाइनवरूनच ताल घेऊन त्यांचा पुन्हा आवाज केला. प्रत्येक लाइन आपापल्या चालीनं चाले आणि शेजारच्या लाइनशी तिचं देणंघेणं नसे.

संकट आणलं ते डिजिटल एक्स्चेंजनं. फ्रान्समध्ये ब्रिटनीतल्या पेरोस-गिरेक इथे १९७० साली, आणि अमेरिकेत शिकागोत १९७६ साली बेलची फोर-ईएसएस. आता आकड्यांचा आवाज न करता एका लाइनवरचा टाइमस्लॉट थेट उचलून दुसऱ्या लाइनवर ठेवायचा होता. त्यासाठी शेकडो लाइनी एकाच तालावर हव्यात. भारतानं फ्रान्सकडून ई-टेन-बी एक्स्चेंज घेतली, १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, आणि हा प्रश्न आपल्याही दारात आला.

काय होतं ते असं. येणाऱ्या लाइनवरचे बिट एका बफरमध्ये साठतात, ते लाइनच्या वेगानं भरले जातात आणि एक्स्चेंजच्या वेगानं काढले जातात. टाकीत पाणी येण्याचा आणि जाण्याचा वेग केसभर वेगळा असला, तरी टाकी कधीतरी वाहणार किंवा कोरडी पडणार. तसं झालं की यंत्र एक अख्खी फ्रेम टाकून देतं किंवा तीच दुसऱ्यांदा देतं. याला म्हणतात स्लिप. हिशोब सोपा आहे. दोन क्लॉकांमध्ये दहा लाखांत दहाचा फरक असला, तर दर साडेबारा सेकंदांना एक स्लिप. बोलणाऱ्याला कधीतरी बारीकसं ‘टिक्’ ऐकू येतं, तो लक्षही देत नाही. फॅक्समध्ये मधल्या ओळी गायब होतात. मोडेम कोलमडतो आणि पुन्हा जुळणी करत बसतो. गुप्त संकेतातलं संभाषण तर स्लिपच्या जागेपासून पुढे नुसती खरखर होतं, सिगसॅलीच्या तबकडीसारखी.

मग उतरंड रचावी लागली. सगळ्यात वर सीझियमचं अणुघड्याळ. अमेरिकेत बेलची मूळ संदर्भ-घड्याळं मिसूरी राज्यातल्या हिल्सबरोत होती. तिथून खाली मोठी एक्स्चेंज, तिथून लहान, तिथून ग्राहकाच्या दारातलं यंत्र. प्रत्येकानं वरच्याकडून ताल घ्यायचा, खालच्याकडून कधीच नाही. दोन देशांमध्ये मात्र वरचा कुणी नसतो, कुणी कुणाचं ऐकणार नाही. तिथे ठरलं की प्रत्येकाचं मुख्य घड्याळ दहा हजार कोटींत एकापेक्षा जास्त चुकता कामा नये. तेवढं पाळलं, आणि दोघांची चूक उलट्या दिशांना असली, तरी स्लिप ७२ दिवसांत एकदा. तेवढी सगळ्यांनी चालवून घेतली. आंतरराष्ट्रीय करारांमध्ये इतका समंजसपणा विरळाच!

या उतरंडीचं शेवटचं टोक म्हणजे मेनूमधली ती ओळ. ग्राहकाच्या मोडेमचं क्लॉक लाइनवर, कारण वरची एक्स्चेंज खरी. पण दोन शाखांमध्ये नुसती तांब्याची जोडी असेल, मध्ये एक्स्चेंजच नसेल, तर? तर एकानं इंटर्नल, दुसऱ्यानं लाइन. या ओळीवरून फोनवर होणारं संभाषण नव्वदच्या दशकानंतर देशभर असंख्य वेळा झालं असेल.

“लिंक अप दिसतेय, हिरवा दिवा आहे, पण एरर वाढतायत.”

“कशा वाढतायत? थांबून थांबून की ठरावीक अंतरानं?”

“घड्याळ लावून बघितलं. अगदी ठरावीक.”

“मग केबल नाही. तुमच्याकडे क्लॉक काय ठेवलंय?”

“इंटर्नल.”

“आमच्याकडेही इंटर्नल. तुम्ही लाइनवर घ्या.”

खराब जॉइंटमुळे येणारे एरर बेभरवशाचे असतात, पाऊस पडला की वाढतात, दुपारी कमी होतात. क्लॉकचे एरर शिस्तीत येतात. हा फरक ज्याला कळला त्यानं पुष्कळ खड्डे खणायचे वाचवले. उलटा प्रकार जास्त छळणारा. दोन्ही टोकं लाइनवर. आता हा त्याच्याकडून ताल घेतो आणि तो ह्याच्याकडून, मालक कुणीच नाही. दोघांत मिळून एकही एरर नाही, सगळं आलबेल, आणि दोघं हातात हात घालून भलत्याच वेगाकडे सरकत चाललेले.

१९८८ मध्ये एसडीएचची, म्हणजे अनेक टू-एमबी पोटात घेऊन जाणाऱ्या यंत्रणेची, मानकं आली आणि पुढे त्यांत या छळावर अखेर एक इलाज मिळाला. लाइनच्या डोक्यावरच्या एका बाइटमध्ये ‘माझा ताल किती भरवशाचा’ हे लिहून पाठवायचं. ज्या लाइनवरून आपण ताल घेतो, तिच्यावर उलट दिशेनं ‘माझ्याकडून घेऊ नका’ असं कळवायचं. पण एसडीएचनं एक नवी खोडही आणली. तिच्या पोटातून जाणारी टू-एमबी जुळवून घेण्यासाठी तिचे आठ बिट एकदम पुढे-मागे सरकवले जातात. डेटा जसाच्या तसा पोचतो, ताल मात्र अडखळत येतो. म्हणून क्लॉकसाठी पोटातली टू-एमबी घ्यायची नाही, बाहेरच्या लाइनीचाच ताल घ्यायचा, असा नियम झाला. कागदावर बघून मेनू भरणाऱ्यांचे यानं फार हाल केले.

एवढं सगळं स्थिरस्थावर झालं आणि मग मोबाइल कंपन्यांनी टू-एमबी काढून इथरनेट टाकायला सुरुवात केली. स्वस्त, वेगवान, सगळ्यांना हवी असलेली गोष्ट. पण टॉवरवरच्या यंत्राला आपली रेडिओ-वारंवारता १०० कोटींत ५० एवढ्या अचूकतेनं धरावी लागते, आणि ती ताल-शिस्त त्याला टू-एमबीच्या ठोक्यांमधून फुकट मिळत होती. कुणी तिचं बिल लावलं नव्हतं, म्हणून काढताना कुणाच्या यादीत ती नव्हती. साध्या इथरनेटला दोन टोकांचा ताल जुळण्याची गरजच नसते, तो टेलिप्रिंटरच्या शाखेचा वारस. मग त्याच इथरनेटच्या ठोक्यांमध्ये ताल भरणारी सिंक-ई आली. म्हणजे १९६२ च्या रिपीटरची युक्ती पुन्हा एकदा.

दुसरा मार्ग आकाशातला, जीपीएसचा. त्याच्यावर भिस्त किती ठेवावी हे २६ जानेवारी २०१६ ला कळलं. एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीची माहिती वर चढवली गेली आणि काही तास जीपीएसच्या वेळेत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक शिरली. रस्ता शोधणाऱ्या कुणाला कळलंही नाही. टेलिकॉमच्या यंत्रांचे अलार्म मात्र अनेक देशांत वाजू लागले.

आता फाइव्ह-जीनं मागणीच बदलली आहे. टू-एमबीच्या दुनियेला वाजले किती याच्याशी कर्तव्य नव्हतं, सगळ्यांचा वेग सारखा असला की पुरे. फाइव्ह-जीमध्ये बहुतेक ठिकाणी एकाच पट्ट्यावर आळीपाळीनं बोलणं आणि ऐकणं चालतं, त्यामुळे शेजारच्या टॉवरांनी एकाच क्षणी बोललं पाहिजे आणि एकाच क्षणी गप्प बसलं पाहिजे. चूक चालते ती दीड मायक्रोसेकंदाची. ही वेळ फायबरवरून पाठवायला पीटीपी ही पद्धत आहे. यंत्रं एकमेकांना निरोप पाठवून जाण्या-येण्याचा एकूण वेळ मोजतात आणि त्याचे दोन सारखे भाग करतात. जाणारा आणि येणारा रस्ता सारख्या लांबीचा आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. प्रकाशाला फायबरमधून एक मीटर जायला साधारण पाच नॅनोसेकंद लागतात. रस्ता खोदताना केबल तुटली, जोडणाऱ्यानं घाईत एका धाग्याला दोनशे मीटरचा जादा वळसा दिला, तर जाण्या-येण्यात एक मायक्रोसेकंदाचा फरक पडतो आणि टॉवरचं घड्याळ अर्ध्या मायक्रोसेकंदानं चुकतं. दीडातला तिसरा हिस्सा एका जॉइंटमध्ये गेला. लिंक अप असते, दिवा हिरवा असतो, एरर एकही दिसत नाही. म्हणून जाणारी आणि येणारी दिशा वेगवेगळ्या धाग्यांवर असेल, तर केबल जोडून झाल्यावर टॉवरची वेळ नव्यानं मोजून घ्यावी लागते, आणि जॉइंट करणाऱ्या टोळीकडे त्यासाठीचं यंत्र सहसा नसतं.